वऱ्हाडच्या मुलाची राजधानी

प्राथमिक शाळेच्या भूगोलांत मुलांस जे प्रश्न विचारले जातात, त्यांपैकीं ‘आपल्या राज्याची राजधानी कोणती?’ हा प्रश्न सर्वांत सोपा समजण्यांत येतो. डोंगरांचीं नांवें विसरतात, नद्यांचे उगम आणि संगम एकमेकांत मिसळतात, पिकांची यादी तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशींच मनांतून निघून जाते. पण राजधानीचें नांव एकदां पाठ झालें म्हणजे जन्मभर पुरतें, असा शिक्षकांचा व आईबापांचाहि समज असतो. पुण्याच्या मुलापुरता हा समज खरा आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हांपासून पुण्याच्या मुलाचें उत्तर ‘मुंबई’ हेंच आहे. इलाखा जाऊन प्रांत झाला, प्रांताचें राज्य झालें, राज्याचें नांव पालटलें. उत्तर कायम राहिलें. वऱ्हाडची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे, आणि ती निराळी आहे हें आमच्या शाळांतून मुलांस सांगितलें जात नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

नागपुराहून अमरावतीकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, अमरावतीच्या अलीकडे सुमारें पस्तीस किलोमीटरांवर, गुरुकुंज मोझरी हें गांव लागतें. १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं येथें आश्रम स्थापन केला आणि गांवाचें नांव दूरवर गेलें. आश्रमाच्या कार्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. तो आमचा प्रस्तुत विषय नव्हे. मोझरी आम्हीं निवडली ती एवढ्याचसाठीं कीं, वऱ्हाडांतील इतर कोणत्याहि गांवाप्रमाणें तीहि जागची हलली नाहीं, आणि तरीसुद्धां तिचें राज्य व तिची राजधानी हीं एका माणसाच्या हयातींत पालटलीं.

समजा, १९४० सालीं मोझरीस एक मुलगा जन्मला. सहाव्या वर्षीं तो शाळेंत गेला तेव्हां त्याच्या प्रांताचें नांव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असें होतें आणि राजधानी होती नागपूर. तो चौथीच्या आसपास पोंचला तोंच २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली. प्रांताचें राज्य झालें व त्यास ‘मध्यप्रदेश’ हें नांव मिळालें. राजधानी नागपूरच. पुढें तो मॅट्रिकच्या उंबरठ्यावर असतां, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत घालण्यांत आले आणि राजधानी मुंबई झाली. तो वीस वर्षांचा झाला त्या सालीं, १ मे रोजीं, राज्याचें नांव महाराष्ट्र झालें. राज्याचीं चार नांवें आणि राजधान्या दोन, इतकें त्याच्या वांट्यास विसाव्या वर्षापर्यंत आलें. आणि एवढ्या काळांत त्यानें घर बदललें नव्हतें, कीं त्याच्या बापानें शेताचा बांध ओलांडला नव्हता.

नुसतीं नांवेंच बदललीं असतीं तर फारसें बिघडलें नसतें. पाटी पुसून दुसरें नांव लिहितां येतें. परंतु राज्य बदललें म्हणजे मुलाच्या मनांतील सारा नकाशा बदलतो. मध्यप्रदेशाच्या त्या जुन्या नकाशांत छत्तीसगडचीं भातशेतें आपलीं होतीं, बस्तरचें अरण्य आपलें होतें, महानदी आपली होती. जबलपूर, रायपूर, बिलासपूर हीं आपलीं शहरें होतीं. इंग्रजी अमलांत उन्हाळा आला कीं सरकारचें ठाणें पंचमढीस जाई, म्हणून तीहि पाठ करावी लागे. समुद्र त्या राज्यास नव्हता. १९५६ सालीं हें सर्व एका रात्रींत परकें झालें, आणि त्याच्या जागीं सह्याद्रि, कोंकणचा किनारा, कृष्णा आणि भीमा आल्या. शिवाय राज्य द्विभाषिक असल्यामुळें कच्छचें रण आणि काठेवाडहि पदरीं पडलें. ज्या मास्तरांनीं वर्षानुवर्षें महानदीचा मार्ग काढून दाखविला, त्यांस कच्छचें रण शिकविणें भाग पडलें; आणि तें अंगवळणी पडतें न पडतें तोंच चार वर्षांनीं कच्छ-काठेवाड वजा झालें! ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली ती १९५५ सालीं, म्हणजे मोझरी मध्यप्रदेशांत असतां. पुढच्याच वर्षीं तिचे वाचक दुसऱ्या राज्याचे रहिवासी झालेले होते.

या मुलाचा आजा आणि पणजा यांस हाच प्रश्न विचारला असता तर काय उत्तर मिळालें असतें? येथून खरी गुंतागुंत सुरू होते. १९०३ सालच्या १ ऑक्टोबरपासून वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या चीफ कमिशनराकडे गेला. त्यापूर्वीं पन्नास वर्षें, म्हणजे १८५३ च्या तहापासून, तो हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हातीं होता. निजामानें आपल्या नांवानें ठेवलेल्या परंतु इंग्रजांच्या हुकुमांत असलेल्या फौजेचा खर्च थकला. त्या थकबाकीपोटीं व पुढील खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यांत आलें. सरकारी कागदांत या प्रदेशाचें नांवहि ‘हैदराबादचे सोंपविलेले जिल्हे’ अशाच अर्थाचें होतें. आल्फ्रेड लायल यानें १८७० सालीं वऱ्हाडचें पहिलें गॅझेटियर संपादिलें, त्याच्या मुखपृष्ठावर हेंच लांबलचक नांव असून ‘वऱ्हाड’ हा शब्द केवळ बोलीभाषेंतील नांव म्हणून दिलेला आहे. देशाच्या जुन्या नांवास असें दुय्यम स्थान मिळालेलें पाहून आजच्या वाचकास हंसूं येईल. पण कागदावर तें अचूक होतें.

१९०२ सालच्या करारानें हें सोंपविणें कायमच्या पट्ट्यांत बदललें आणि निजामास सालीना २५ लक्ष रुपये मिळूं लागले. तथापि स्वामित्व निजामाचेंच मानलें गेलें. १९३६ सालच्या करारानें तर हैदराबादच्या गादीच्या वारसास ‘वऱ्हाडचा युवराज’ अशी पदवीहि मिळाली. वऱ्हाडांतील कुणब्याच्या लेकरास हा युवराज कधीं दृष्टीस पडला असेल असें वाटत नाहीं. तात्पर्य, १९३५ सालीं मोझरीस आश्रमाची पहिली कुडाची भिंत उभी राहिली असेल तेव्हां ती जमीन नांवाला निजामाची, सत्तेला इंग्रजांची आणि कारभाराला नागपूरची होती. या तिघांपैकीं राजधानी कोणाची खरी? हैदराबाद, नागपूर, कीं दिल्ली? आणि दिल्ली तरी किती जुनी? १९११ सालापर्यंत हिंदुस्थानची राजधानी कलकत्ता होती. म्हणजे त्या सालच्या आधीं व नंतर शाळेंत गेलेल्या भावांभावांचीं उत्तरें देशाच्या राजधानीबाबतहि जुळलीं नसतीं.

याहि मागें गेलें तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वऱ्हाडांत दुअमली चालत असे. १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामुल्मुल्कानें आपलें बस्तान बसविलें. पुढें नागपूरकर भोसल्यांनीं वऱ्हाडांत आपला हक्क स्थापिला, आणि एकाच गांवच्या वसुलांत दोन सरकारांचा वांटा पडूं लागला. १८०३ सालीं आडगांव व गाविलगड येथें भोसल्यांचा पराभव झाला. त्या वर्षीं १७ डिसेंबरास देवगांवचा तह होऊन त्यांस वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला, आणि वर्धा नदी ही सरहद्द बनली. या काळाचा विस्तृत वृत्तान्त यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या ग्रंथांत जिज्ञासूंनीं पाहावा. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, दुअमलींतल्या पाटलास ‘तुझी राजधानी कोणती?’ असें कोणी विचारलें असतें तर त्यानें उलट विचारलें असतें, ‘कोणता वसूल घेणाऱ्याची?’

वऱ्हाडला स्वतःची अशी राजधानी कधींच नव्हती काय? होती. १४९० सालच्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्क बहामनी सत्तेपासून स्वतंत्र झाला, आणि १५७४ सालीं अहमदनगरकरांनीं इमादशाही जिंकीपर्यंत अचलपूर, त्या काळचें एलिचपूर, हें एका स्वतंत्र राज्याचें मुख्य नगर होतें. पुढें मोगलांनीं त्यास सुभ्याचें ठाणें केलें. अबुल फज्ल आपल्या आईन-इ-अकबरींत या सुभ्याचें मूळ नांव ‘वरदातट’ असें देतो, म्हणजे वर्धेचा कांठ. नांवाची ही व्युत्पत्ति भाषापंडितांस मान्य होवो न होवो, पण चार शतकांपूर्वींच्या त्या दरबारी लेखकास वऱ्हाडची ओळख एका नदीच्या कांठावरून पटली, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तककारांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. अचलपूर आतां तालुक्याचें गांव आहे. १९०५ सालीं इंग्रजांनीं वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून चार केले, तेव्हां एलिचपूर जिल्हा अमरावतींत मिसळून गेला व चारशें वर्षांच्या राजधानीपणाची शेवटची खूणहि पुसली गेली. तटाच्या वेशी मात्र उभ्या आहेत. मुलांची सहल एकदां तेथें न्यावी. राजधानी कायमची नसते, हें तेथें न शिकवितांच कळतें.

आणि मोझरीच्या मुलास तर इतकें दूर जाण्याचीहि गरज नाहीं. आजच्या तिवसा तालुक्यांतच, वर्धेच्या कांठीं, कौंडण्यपूर आहे. विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी कुंडिनपूर ती हीच, रुक्मिणीचें माहेर हेंच, अशी परंपरा आहे. परंपरेचा भाग वेगळा ठेविला तरी वस्ती पुरातन असल्याविषयीं संशय नाहीं, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं येथें उत्खनन केलें, त्याचा वृत्तान्त १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. आषाढी वारीस रुक्मिणीची पालखी येथून पंढरपुरास पायीं जाते. वर्धेच्या कांठापासून भीमेच्या कांठापर्यंत, वऱ्हाड उतरून व मराठवाडा ओलांडून जाणारी ही वाट म्हणजे महाराष्ट्राच्या भूगोलाचा उत्तम धडा आहे, आणि तो गांवच्या म्हाताऱ्यांस पाठ आहे. पुस्तकांत तो आम्हांस कोठें आढळला नाहीं.

आतां एका निराळ्या राजधानीचा विचार करूं. कागदावर वऱ्हाड हैदराबादचें असो कीं नागपूरचें, वऱ्हाडचा कापूस कधींच त्या वाटेनें गेला नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, भाव कडाडले, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या फांट्याचें उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका कापसाच्या बाजारपेठेस हा मान मिळाला, यावरून तिचें मोल कळावें. त्या दिवसापासून वऱ्हाडच्या गाठी मुंबई बंदरीं जाऊं लागल्या, भावाची तार मुंबईहून येऊं लागली, आणि वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड ही म्हण जिनच्या मालकाच्या तोंडीं शोभूं लागली; कापूस पिकविणाऱ्याच्या तोंडीं ती किती शोभली हा वेगळा प्रश्न आहे. म्हणजे राजकारणानें वऱ्हाडची राजधानी मुंबईस नेली ती १९५६ सालीं. व्यापारानें ती त्यापूर्वीं नव्वद वर्षें नेऊन ठेवलेली होती. न्यायाची वाट आणखी तिसरी. १९३६ सालीं नागपुरास हायकोर्ट झालें, आणि राज्य बदलल्यावरहि मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ म्हणून न्यायासन तेथेंच राहिलें. मोझरीच्या शेतकऱ्याचा कापूस पश्चिमेस जातो आणि त्याचें अपील पूर्वेस.

वाचकांस युरोपच्या इतिहासांतील आल्सास प्रांताचें स्मरण झालें असेल. १८७१ सालीं फ्रान्सचा पराभव होऊन तो प्रांत जर्मनीकडे गेला, त्या प्रसंगीं शाळेंतील फ्रेंचच्या शेवटच्या तासावर आल्फाँस दोदे यानें लिहिलेली कथा जगभर वाचली गेली. तेथील मुलाची राजधानी कधीं पॅरिस, कधीं बर्लिन. १९४५ पर्यंत हा खेळ चालला. आमच्याकडे तसा रक्तपात झाला नाहीं, व सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळेची भाषा हिरावली गेली नाहीं. हैदराबादकडे पाहणारें वऱ्हाडचें मूल मराठींतच शिकलें आणि नागपूरकडे पाहणारेंहि मराठींतच. म्हणूनच कदाचित् आमच्या या फेरफारांवर दोदेसारखी कथा कोणी लिहिली नाहीं, व ते विसरलेहि लौकर गेले.

मग मुलांस शिकवावें काय? आजच्या पद्धतींत तिसरीस आपला जिल्हा व पुढें राज्य असा क्रम आहे. जवळून दूर जाण्याचा हा क्रम उत्तमच. तिसरीचें परिसर अभ्यासाचें पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यास वेगळें असतें, हीहि आमच्या राज्याची एक चांगली रीत आहे. आमची तक्रार आहे ती जिल्ह्यावरून राज्यावर उडी मारण्याविषयीं. अमरावती जिल्हा झाला कीं एकदम मुंबई! मधला प्रदेशच गळून पडतो. वऱ्हाड हें नांव राज्याच्या नकाशावर कोठें छापलेलें नसतें. पण अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ सालीं अकोल्यांतून निघालेला वाशीम, हे पांच जिल्हे मिळून जो अमरावती महसूल विभाग होतो, त्याची बाह्यरेषा जवळजवळ जुन्या वऱ्हाडचीच आहे. मुलानें त्या पांच जिल्ह्यांस एक रंग दिला कीं वऱ्हाड त्याच्या हातीं येतें. त्या रंगांत मग उत्तरेचा मेळघाट, मधला पूर्णेचा सखल पयनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट दाखवावे. हे तीन विभाग कोणा सरकारनें केलेले नाहींत, म्हणून कोणत्या सरकारास ते मोडतांहि आले नाहींत.

आणखी एक गोष्ट पाण्याची. अमरावतीजवळून वाहणारी पेढी पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तें पाणी खंबायतच्या आखाताजवळ अरबी समुद्रांत जातें. तिवशाकडील पाणी वर्धेस जातें. वर्धा पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीस मिळते, आणि तें पाणी बंगालच्या उपसागरांत पडतें. एकाच जिल्ह्यांत पडलेल्या पावसाच्या या दोन वाटा मुलास समजल्या म्हणजे दख्खनचा उतार, राज्याची रुंदी आणि आपली जागा या तिन्ही गोष्टी त्यास एकदम कळतात. मुंबईपासून मोझरी सातशें किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, हें वाक्य त्याच्यापुढें टाकून तें कळत नाहीं. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा झाला व अंतर तासांत मोजलें जाऊं लागलें, तरी राजधानी दूर आहे ही भावना तासांनीं मोजतां येत नाहीं.

नऊ वर्षांच्या मुलास तह, पट्टे व दुअमली सांगून काय उपयोग, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. तह सांगूं नयेच. त्यास घरीं जाऊन एक प्रश्न विचारावयास सांगावें: ‘आबाजी, तुमच्या शाळेंत राजधानी कोणती शिकवीत?’ ज्यांनीं ‘नागपूर’ हें उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळविले, ते आज ऐंशीच्या घरांत किंवा त्यापुढें आहेत. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. मुलानें आणलेलें उत्तर आणि पुस्तकांतलें उत्तर, दोन्हीं फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहावींत. दोहोंपैकीं एकहि चूक नाहीं, याचें नवल त्याच्या डोळ्यांत दिसूं द्यावें.

या विषयाची एक बाजू अशी आहे कीं तीस हात लावण्यास शिक्षक कचरतात. विदर्भ वेगळा असावा कीं महाराष्ट्रांत, हा वाद जुना आहे. १९३८ सालीं नागपूरच्या विधिमंडळांत वेगळ्या विदर्भाचा ठराव झाला. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानें वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, आणि १९५६ सालीं संसदेनें वेगळा निर्णय घेतला. या वादांत मुलास कोणत्या पक्षाचें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. शाळा हें त्याचें स्थानच नव्हे. परंतु वादाचें भय धरून इतिहासच गाळणें, हें त्याहून वाईट. वऱ्हाडी मनुष्य मराठी राज्यांत आला तो लिहून घेतलेल्या अटींवर आला, एवढें तरी त्याच्या नातवास ठाऊक असावें. मग अटी कितपत पाळल्या गेल्या याचा हिशेब तो मोठेपणीं करील.

त्या अटींपैकीं एक मोझरीच्या मुलास दर वर्षीं दाराशीं दिसूं शकते. नागपूर करारान्वयें राज्याच्या विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरावयाचें ठरलें, व १९६० पासून बहुतेक दर हिवाळ्यांत तें भरत आलें आहे. त्या दिवसांत मोझरीवरून जाणाऱ्या हमरस्त्यानें अमरावतीकडचे आमदार, अर्जदार, शिक्षक, कापसाच्या भावाची मागणी घेऊन निघालेले शेतकरी, सारे पूर्वेकडे नागपुरास जातात. राजधानी मुंबई असतां हे लोक उलट दिशेस कां चालले आहेत, असें एखादें मूल विचारील. मास्तरांनीं त्या दिवशीं ठरलेला धडा बाजूस ठेवून नकाशा काढावा.